उन्हाळ्याच्या तोंडीं घरची बाग

होळी जळली कीं थंडी पळाली, असें आपण म्हणतों. ही थंडी एकटी जात नाहीं; जातां जातां अंगणांतील ओलावाहि बरोबर घेऊन जाते. फाल्गुनाच्या अखेरीस कुंडींतील गुलाब मान टाकूं लागतो, जास्वंदीचीं पानें दुपारीं लोंबूं लागतात आणि मग घरांतील मंडळी म्हणतात, "अरे, झाडांना पाणी वाढवा." ही हांक फार उशिरां येते, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. उन्हाळ्यांतील बाग पाणी वाढवून राखतां येत नाहीं. असलेलें पाणी जपूनच ती राखावी लागते, आणि त्याची तयारी ऊन तापण्यापूर्वीं करावी लागते. ही शिकवण नवी नाहीं. आपल्या इतिहासांत ती ठिकठिकाणीं सांपडते.

तिच्याकडे मी वळलों तो एका चुकीमुळें. मी शाळामास्तर होतों. एका वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं मुलांच्या हातून शाळेच्या आवारांत पंचवीस रोपें लावविलीं. भाषणें झालीं, टाळ्या झाल्या. पुढें मे महिन्याची सुट्टी आली आणि जूनमध्यें शाळा उघडली, तेव्हां पंचविसांपैकीं तीन रोपें हिरवीं होतीं. पांचवींतल्या एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, आमचीं झाडें कोणी मारलीं?" उत्तर मला ठाऊक होतें, तें देण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. त्यानंतर मी जुने ग्रंथ आणि जुनीं माणसें यांना तोच प्रश्न विचारूं लागलों.

प्रथम वराहमिहिराकडे जाऊं. इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील हा ज्योतिषी आपल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहितो. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें, थंडींत एक दिवसाआड द्यावें आणि पावसाळ्यांत जमीन सुकली तरच द्यावें, असा त्याचा नियम आहे. यांत दुपारचें नांव नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. भर उन्हांत ओतलेल्या पाण्याचा कांहीं भाग मुळांशीं पोंचण्याच्या आधींच हवेंत जातो. दोन वृक्षांमध्यें वीस हातांचें अंतर उत्तम, सोळा हातांचें मध्यम आणि बारा हातांचें कनिष्ठ, असेंहि तो सांगतो. कारण जवळ लावलेल्या वृक्षांचीं मुळें एकमेकांत गुंततात व कोणालाच धड पोसूं देत नाहींत.

आपल्या महाराष्ट्रांत पाण्याची ओढ जुनीच. १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत माळी वळवील तिकडे निमूटपणें जाणाऱ्या पाण्याचा दृष्टांत येतो. पाटाचें दारें धरून वाफ्यावाफ्यांत पाणी फिरविणारा माणूस ज्यांनीं रोज पाहिला होता, त्या श्रोत्यांना तो सहज कळला असेल. मोटेच्या काळांत पाण्याचें मोल शिकवावें लागत नसे. दोन बैल धावेवरून उतरावयाचे, तेव्हां एक मोट थारोळ्यांत रिकामी व्हावयाची. ज्या पाण्यासाठीं बैलांच्या तोंडाला फेंस येतो, तें कोण वाटेवर सांडील?

परंतु माझ्या मतें या विषयावरील सर्वांत उपयुक्त मराठी लेख म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र होय. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील हा राजनीतीचा ग्रंथ. परंतु त्यांतील दुर्गांचें प्रकरण एखाद्या दक्ष गृहिणीनें लिहावें तसें बारकाईचें आहे. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, ही तर पहिली आज्ञा. नंतर आंबे, फणस, वड, पिंपळ असे थोर वृक्ष, निंबें, नारिंगें अशीं लहान झाडें आणि फुलझाडें व वेली गडावर लावाव्या व जतन कराव्या, असें सांगितलें आहे. त्यापुढें केरकचऱ्याची गोष्ट येते. वाटांवरचा व बाजारांतला केर झाडावा, तो गडाखालीं न टाकतां जागच्या जागीं जाळावा, आणि त्याची राख परसांत टाकून घरोघरीं होईल तो भाजीपाला करावा, असा हुकूम आहे.

श्रोतेहो, हा हुकूम कोठें पाळावयाचा होता याचा विचार करा. चहूंकडे कातळ, वर आकाश आणि पाणी काय तें टांक्यांत सांठलेलें. चार महिने पडलेल्या पावसावर आठ महिने काढावयाचे. अशा जागीं परसांत भाजी पिकवा असें राज्याचा अमात्य लिहितो, तें हौसेसाठीं नव्हे. वेढा पडला तर खालून भाजीची पाटी वर येणार नव्हती. तेथें केर हाहि ऐवज होता. राखेऐवजीं आज आपण तोच पाला न जाळतां झाडाच्या बुडाशीं पसरावा, एवढाच माझा फरक. तो ओल धरतो आणि कुजून खतहि होतो.

यापुढें पुण्याकडे येऊं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भुयारी नळानें शहरांत आणलें. हा नळ म्हणजे दगडी बांधणीचें, माणूस आंत उतरून चालूं शकेल असें भुयार. मधून मधून उच्छ्वास ठेवलेले, आणि सारें पाणी केवळ उतारावर चालणारें. त्यानें शनिवारवाडा आणि ठिकठिकाणचे हौद भरले. पुढें नाना फडणविसांनींहि आंबेगांवाकडून असाच एक नळ आणला. शनिवारवाड्यांत जवळजवळ दोनशें धारांचें हजारी कारंजें झालें. कारंजाचें वर्णन बखरी वाचणारांना आवडतें. परंतु मला वाड्यांच्या मागील परसाचें कौतुक अधिक वाटतें. न्हाणीचें पाणी पन्हळीनें केळीच्या आणि अळवाच्या आळ्यांत जावयाचें. एकदां अंगावरून गेलेलें पाणी दुसऱ्यांदा पानांत उभें राहावयाचें.

नंतर १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचें धरण पुरें झालें, पुढें घरोघरीं तोटी आली आणि कांहीं हौद बुजले. मी तोटीची निंदा करीत नाहीं. तिनें बायकांच्या कमरेवरची घागर उतरविली, हें फार मोठें पुण्य आहे. पण तोटीबरोबर एक विसराळूपणाहि आला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, खडकवासल्यालाहि खिंडार पडलें, नळ कोरडे झाले आणि पुणेकरांना जुन्या विहिरींची व हौदांची आठवण झाली. ती फार दिवस टिकली नाहीं.

माझी स्वतःची आठवण १९७२ च्या दुष्काळाची आहे. आमचें गांव नगर जिल्ह्यांतलें. मी तेव्हां लहान होतों. आजी तांदूळ धुतलेलें पाणी एका भांड्यांत, भाजी धुतलेलें दुसऱ्या भांड्यांत ठेवी. पहिलें मोगऱ्याला, दुसरें कढीलिंबाला. खरकट्या राखेचें पाणी ती कोणत्याहि रोपाला घालीत नसे. आज साबणाच्या भुकटीचें पाणी कुंडींत ओतणारांनीं एवढा विवेक अवश्य करावा. वैशाखांत तुळशीवर ती गळती लावी: तळाला भोंक पाडलेलें मातीचें भांडें, भोंकांत दर्भाची काडी, आणि दिवसभर थेंब थेंब पाणी. आजीला तें पुण्यकर्म वाटे. १९६० नंतरच्या दशकांत इस्राएलमध्यें सिम्खा ब्लास यांनीं ठिबक सिंचनाची जी रीत व्यवहारांत आणली, तिचें मर्म हेंच कीं पाणी थोडें, सावकाश आणि मुळाशींच द्यावें.

तेव्हां या साऱ्या इतिहासांतून आपल्या अंगणासाठीं काय घ्यावें? कार्तिकांत, जमीन ओली असतां, खुरपणी करून रुंद आळीं करावीं. पौषांत मोगऱ्याची छाटणी करून त्याचें पाणी तोडावें व माघांत खत देऊन तें पुन्हां सुरू करावें. म्हणजे फुलें उन्हाळ्यांत येतात. शिवरात्रीपूर्वीं बुडाशीं चार बोटें पाल्याचें आच्छादन घालावें. होळीच्या आधीं पश्चिमेकडे बांबूचा मांडव करून त्यावर जुनें लुगडें ताणावें. कुंड्या भिंतीपासून दूर, एकमेकींच्या सांवलींत, एका ठिकाणीं आणाव्या. त्यांचीं मुळें वेगळ्या घरांत असल्यानें वराहमिहिराचा नियम तेथें मोडत नाहीं. मोठ्या रोपाजवळ एक भाजलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झांकण ठेवावें. तें आपोआप झिरपतें व माती जेवढें मागेल तेवढेंच देतें. ही युक्ति चीनमधील इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या एका शेतीग्रंथांतहि आहे. आणि भर उन्हाळ्यांत नवें झाड लावूं नये. आहेत तीं सांभाळावीं.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं पुन्हां बावीस रोपें लावलीं. या खेपेस भाषण केलें नाहीं. कार्तिकांत आळीं केलीं, माघांत पाला पसरला, प्रत्येक रोपाशीं कुंभाराकडचें एक मडकें पुरलें, आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या सुट्टींतल्या पाळ्या लावल्या. दर तिसऱ्या दिवशीं मडकीं भरावयाचीं, एवढेंच काम. जूनमध्यें मोजलीं तेव्हां, आधींचीं तीन धरून, बावीस झाडें जिवंत होतीं. ती मुलगी आतां सहावींत गेली होती. तिनें एकेका झाडाला हात लावून तीं पुन्हां मोजलीं, आणि मग मला विचारलें, "गुरुजी, जीं तीन गेलीं त्यांचीं मडकीं कोण भरीत होतें?"

यंदाच्या उन्हाळ्यांत आपल्या अंगणांतील मडकें कोण भरणार, हें श्रोत्यांनीं आजच ठरवून टाकावें.