लांबलेली भेट : पंडिता रमाबाईंची फिलाडेल्फिया आणि मराठी प्रवासलेखन

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना आपल्या समीक्षेने प्रवास किती दूरचा, निवेदक किती रसिक आणि वर्णन किती चित्रदर्शी, हे प्रश्न प्रामुख्याने विचारले. प्रवासाची सवड कोणी दिली, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. परदेशी शिकणारा विद्यार्थी दोन सत्रांच्या मधल्या सुटीत एखादे शहर पाहून येतो, तेव्हा ती सवड संस्थेने आखून दिलेली असते आणि जाण्याइतकेच परतणेही तिच्यात गृहीत असते. हे गृहीतक मोडले, तर प्रवासाचे आणि त्यातून निर्माण होणाऱ्या संहितेचे स्वरूप कसे बदलते? पंडिता रमाबाईंच्या १८८६ मधील फिलाडेल्फियाभेटीच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

१८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया शिक्षणासाठी समुद्रापार निघाल्या. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या, तर रमाबाई लहानग्या मनोरमेसह मुंबईहून इंग्लंडला. रमाबाईंच्या या प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या १८८२ मधील पुस्तकाच्या विक्रीचा आधार होता. वाँटेज येथे त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा श्रवणदोषामुळे सोडावी लागली. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. याच काळात धर्ममतांवरून वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद चालू होता. अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहात तो वाचावयास मिळतो. स्वदेशातील सनातन्यांपासून तुटलेली ही विद्यार्थिनी आश्रयदात्यांनाही पूर्णपणे शरण गेलेली नव्हती, हे त्या पत्रांतून स्पष्ट होते.

अशा स्थितीत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांचे निमंत्रण आले. रमाबाईंच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेणार होत्या. फेब्रुवारीत रमाबाई लिव्हरपूलहून निघाल्या. एका शहराची, एका समारंभापुरती अशी ही भेट असणार होती. प्रत्यक्षात मुक्काम पावणेतीन वर्षांच्या आसपास लांबला, आणि चेल्टनहॅमला विद्यार्थिनी म्हणून त्या परतल्याच नाहीत. फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. गावोगाव व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फियातच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवागृहासाठी दहा वर्षांच्या साहाय्याची हमी दिली. ज्यांच्या पदवीदानासाठी हा प्रवास घडला, त्या आनंदीबाई मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या होत्या.

या लांबलेल्या मुक्कामाची वाङ्मयीन खूण रमाबाईंच्या दोन प्रवाससंहितांमधील अंतरात सापडते. ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) हे मुळात एका परिचित गृहस्थांना लिहिलेले पत्र. त्यातील निवेदनाला संबोधित आहे, व्यक्तिगत ओळखीचा आधार आहे. याउलट १८८९ च्या ग्रंथाचे शीर्षकच ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असे आहे. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया ही सागरयात्रा आरंभी येते. पुढे मात्र शासनपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ आणि स्त्रियांची स्थिती हे विषय निवेदनाची मांडणी ठरवितात. प्रवाशाचा मार्ग मागे पडतो आणि समाजाची रचना पुढे येते. धावत्या भेटीत शहराचे दर्शन घडते. तेथील संस्था कशा उभ्या राहतात हे समजण्यास मात्र त्यांच्यात वावरावे लागते. म्हणून या ग्रंथाला केवळ ‘माहितीपर’ ठरवून ललित प्रवासवर्णनाच्या परंपरेबाहेर ठेवणे हे त्याच्या घडणीचे कारणच दुर्लक्षिणे होय.

अर्थात या मुक्ततेच्या मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. रमाबाईंना दिसलेली अमेरिका मुख्यतः त्यांना निमंत्रित करणाऱ्या सुधारक स्त्रीपुरुषांच्या वर्तुळातून दिसलेली अमेरिका होती. व्याख्यानपीठावर त्या निरीक्षक होत्या, तशाच प्रेक्षकांच्या कुतूहलाचा विषयही होत्या. ज्या कार्यासाठी निधी उभा राहिला, ते उच्चवर्णीय विधवांपुरतेच आखले गेले होते. एका परावलंबनातून दुसऱ्या, अधिक मोकळ्या परावलंबनाकडे झालेले हे स्थित्यंतर होते. मात्र या दुसऱ्याच्या अटी ठरविण्यात रमाबाईंचा स्वतःचा वाटा होता. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईस पोहोचल्या आणि ११ मार्च रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे होत असताना, शारदासदन सुरू झाले.

विसाव्या शतकात ‘अपूर्वाई’ (१९६०) सारख्या पुस्तकांनी परदेशप्रवासाच्या मराठी गद्याला प्रसन्न, मिश्कील वळण दिले आणि तेच पुढे वाचकांच्या अपेक्षेचे प्रमाण झाले. त्या प्रमाणात रमाबाईंचा ग्रंथ बसत नाही. आज हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा उरलेला नाही. यवतमाळात उभ्या राहिलेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनसारख्या उपक्रमांमुळे पहिल्या पिढीतील विद्यार्थी उच्च शिक्षणाकडे आणि परदेशी विद्यापीठांकडे वळत आहेत. सत्रांमधल्या सुटीत तेही जवळची शहरे पाहतील. त्यांनी त्याविषयी मराठीत लिहायला घेतले, तर त्यांच्यापुढे कोणता पूर्वज ठेवायचा, हे आपल्या अध्यापनावर अवलंबून आहे. शहरातील प्रेक्षणीय स्थळांबरोबरच तेथील शाळा, रुग्णालय, वसतिगृह कोणाच्या पैशावर आणि कोणत्या नियमांनी चालते, हे विचारणारे गद्य मराठीत १८८९ पासून उपलब्ध आहे. प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात त्याला परिशिष्टाऐवजी आरंभीचे स्थान देणे, ही त्यासाठीची पहिली पायरी ठरेल.