गहू बोटीवर, मका चुलीवर

परवा घरी मामालिगा केली. नाव ऐकून दचकू नका मंडळी, ही रुमानियातली मक्याची घट्ट उकड. एक वाटी जाडसर मक्याचं पीठ, तीन-साडेतीन वाट्या पाणी आणि मीठ. पाण्याला आधण आलं की पीठ भुरभुरत सोडायचं आणि मंद आचेवर लाकडी दांड्यानं अर्धा तास तरी घोटायचं. हात भरून येतात! कडा सुटल्या की पाटावर उपडी करायची आणि ताणलेल्या दोऱ्यानं कापायची. सोबत खारट पांढरं चीज आणि आंबट साय.

घोटता घोटता तिचा इतिहास आठवत होता.

मका मूळचा अमेरिकेतला. १४९२ नंतर तो युरोपात आला आणि सतराव्या शतकात डॅन्यूबकाठच्या वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत रुजू लागला. त्याआधी तिथली गरीब माणसं राळ्या-वरीच्या जातीच्या बारीक धान्याची अशीच उकड करत. ही संस्थानं तुर्की सुलतानाची मांडलिक. गहू इस्तंबूलला द्यावा लागे, तोही ठरवून दिलेल्या भावानं. मक्याची तिकडे फारशी मागणी नव्हती. शेतकऱ्यानं तोच पोटासाठी धरला.

१८२९ च्या तहानं तुर्कांची मक्तेदारी संपली. वाटावं, आता गहू घरात राहील. पण तो काळ्या समुद्रातून पश्चिम युरोपात जाऊ लागला. जमीनदार श्रीमंत झाले, शेतकऱ्याच्या ताटात मामालिगाच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुमानिया धान्य निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत गणला जात होता आणि त्याच देशाच्या खेड्यांत पेलाग्रा पसरला होता. कातडी सोलते, जुलाब होतात, शेवटी बुद्धिभ्रंश. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. मेक्सिकोतल्या बायका पिढ्यान् पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आल्या, त्यानं ते मोकळं होतं. युरोपात मका आला, ही रीत काही आली नाही. जोडीला दूध, मांस, कडधान्यं असती तरी भागलं असतं. नुसत्या मामालिगावर दिवस काढणाऱ्याला ती कुठून मिळणार?

१९०७ साली शेतकऱ्यांचं बंड पेटलं ते मोल्दावियातल्या फ्लमिन्झ गावातून. या नावाचा अर्थच 'उपाशी माणसं'! सैन्यानं बंड चिरडलं. माणसं किती मेली, याचे आकडे आजही वादात आहेत.

तिकडे एक म्हण आहे, 'मामालिगाचा स्फोट होत नाही.' म्हणजे इथला माणूस सोशिक, तो उठायचा नाही. १९०७ मध्ये तो उठला होताच. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा पुन्हा सगळ्यांना हीच म्हण आठवली.

शाळेत भूगोल शिकवताना मी फळ्यावर देशोदेशींच्या निर्यातीची यादी लिहायचे. अमका देश गहू, तमका देश कापूस. मुलं ती पाठ करायची. गहू पिकवणारा स्वतः काय खातो, हे मी एकदाही विचारलं नाही. आज वर्ग असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

असो. नातवाला मामालिगा आवडली. उरलेली दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात परतली, ती तर जास्तच छान लागली. करून बघा.