नफा आणि नकार

पैसा कोठून येतो, हा धर्माचा प्रश्न आहे, असे फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांनी १७५८ साली मानले. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांना त्यांनी पंथाच्या कारभारातून दूर ठेवले. गुलाम बाळगण्यासच मनाई होण्यास मात्र १७७६ साल उजाडले. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, दोघा मेथडिस्टांनी शस्त्रनिर्मात्या कंपन्या वगळणारा ‘पॅक्स वर्ल्ड फंड’ काढला. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर गेलेल्या लिऑन सलिव्हन या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने पुढे आत राहून सुधारणा घडवण्याचा मार्ग धरला. दक्षिण आफ्रिकेतील अमेरिकन कंपन्यांसाठी त्यांनी १९७७ मध्ये समान वागणुकीची तत्त्वे मांडली. वर्णभेद हटला नाही. तेव्हा १९८७ मध्ये त्यांनीच कंपन्यांना तेथून बाहेर पडण्याचे आवाहन केले. त्याज्य धंद्यांची यादी करता येते. सुधारणेची वाट किती काळ पाहावी, हा खरा पेच होय.