विक्रांतचा बॉयलर

लोणावळ्याहून भुशी धरणाच्या बाजूने मुळशी तालुक्यातल्या आंबवणे-कोरीगडाकडे निघालं की वाटेत ‘आयएनएस शिवाजी’ लागतं. नौदलाची जहाजं चालवणारी इंजिनविद्या १९४५ पासून या डोंगरात शिकवली जाते. विमानवाहू नौकेची गोष्ट सांगताना सगळे विमानांपासून सुरुवात करतात; ती इंजिनखोलीपासून सांगायला हवी.

मूळच्या ब्रिटिश ‘हर्क्युलिस’ या विमानवाहू नौकेचं काम दुसरं महायुद्ध संपल्यावर अर्धवट राहिलं होतं. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ झाली. तिच्यावर सी हॉक ही लढाऊ आणि अलिझे ही पाणबुडीशोधक विमानं होती. तिच्या आखूड डेकवरून विमान उडवायचं तर विमानाला झटक्याने पुढे फेकणारं, वाफेवर चालणारं कॅटापुल्ट हवं आणि समोरून जोराचा वारा. वारा पडला असेल, तर जहाजानेच वेग घेऊन तो मिळवायचा. म्हणजे बॉयलर थकला की विमानंही डेकवरच.

आणि नेमकं तेच झालं. १९७१चं पाकिस्तानशी युद्ध तोंडावर असताना चारपैकी एका बॉयलरला तडा गेला. १९६५च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत अडकली होती. तीच नामुष्की पुन्हा नको, असं नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ठरवलं. इंजिनिअरांनी बॉयलरला पोलादी पट्टे आवळले, वेगावर मर्यादा घातली आणि जहाज निघालं. वाफेच्या दाबाखाली त्या तड्याशेजारी पहारा देणाऱ्यांचं धाडस वैमानिकांपेक्षा तसूभरही कमी नव्हतं.

अशी नौका कधी एकटी निघत नाही. पाणबुडीचा एक टॉर्पेडोही तिला पुरेसा ठरू शकतो, म्हणून भोवती युद्धनौकांचं कडं लागतं. विक्रांतसोबत ब्रह्मपुत्रा आणि बियास होत्या. पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ तिच्याच मागावर आली होती. तिला चकवण्यासाठी विक्रांत अंदमानात दडवली आणि जुनी विनाशिका ‘राजपूत’ बिनतारी संदेशांतून विक्रांतचं सोंग घेऊन बसली. गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला, मग चितगावच्या बंदरावर. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेची समुद्रवाट तुटली. विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीरचक्र मिळालं.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं ती संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहली तिच्या डेकवर फिरून येत. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि मुंबईतच दारुखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडली गेली. एवढं मोठं युद्ध पाहिलेलं जहाज महाराष्ट्राला जपता आलं नाही, याची खंत वाटायलाच हवी. तिचं थोडं पोलाद आकुर्डीच्या बजाजने २०१६ मध्ये मोटरसायकलींत वापरलं.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेली नवी विक्रांत बॉयलरऐवजी चार गॅस टर्बाइनवर चालते, आणि तिची विमानं कॅटापुल्टविना, वर उचललेल्या डेकवरून झेपावतात.