ओढणें आणि आवरणें

आपलें घर आपल्याबरोबर हिंडवावें, ही कल्पना माणसाला नवी नाहीं. लमाणांचे तांडे आणि मेंढपाळांचीं बिऱ्हाडें आपल्या देशांत शतकानुशतकें हिंडत आलीं आहेत. परंतु ज्याला गांवांत पक्कें घर आहे व पोटासाठीं भटकण्याची ज्याच्यावर वेळ नाहीं, अशा सुखवस्तु गृहस्थानें केवळ हौसेखातर चाकांवरचें घर बांधवून घ्यावें, ही गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली आहे. इ. स. १८८५ मध्यें गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरानें ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नांवाची अशी गाडी करवून घेतली, आणि दोन घोडे जुंपून तो इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडांत गेला. भरलेल्या गाडीचें वजन सुमारें दोन टन होतें. एवढा भार घोडे ओढूं शकत होते. पण अशा गाडीची खरी परीक्षा चढावर होत नाहीं, उतारावर होते. कारण चढावर दमलेला घोडा थांबतो, उतारावर सुटलेली गाडी थांबत नाहीं.

पुढें घोड्यांची जागा मोटारीनें घेतली, पण हा न्याय बदलला नाहीं. माणसाला ओढण्याचें बळ फार लवकर मिळालें. आवरण्याची विद्या मात्र हळूहळू, मोडतोड सोशीत आली. अमेरिकेंतील पिकअप ट्रक आणि त्याच्यामागें जोडलेला प्रवासी ट्रेलर यांच्या इतिहासांत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

पिकअप म्हणजे पुढें दोघांतिघांना बसण्याची जागा व मागें उघडा हौदा असलेली लहान मालमोटार. फोर्ड कंपनीनें १५ एप्रिल १९२५ रोजीं असा हौदा कारखान्यांतच बसविलेली ‘मॉडेल टी’ विक्रीस आणली. किंमत २८१ डॉलर आणि इंजिनाची शक्ति २० घोड्यांची. पहिल्या वर्षींच अशा सुमारें ३४,००० गाड्या खपल्या. ही गाडी शेतावरच्या कामाची होती. सहलीचें घर तिच्यामागें जोडण्याचा प्रघात पुढें पडला.

इकडे ट्रेलरचेंहि रूप पालटत होतें. लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ या विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेल्या हॉले बोलस यानें १९३४ मध्यें ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनीं जोडून विमानाच्या धर्तीवर ट्रेलर केला. त्याच वाटेनें जाऊन वॉली बायम यानें १९३६ मध्यें आपल्या ‘एअरस्ट्रीम’चा ‘क्लिपर’ हा ट्रेलर १,२०० डॉलरांना बाजारांत आणला. हीं घरें इतकीं सुटसुटीत होतीं कीं १९४७ मध्यें आल्फ्रेड लेतुर्नेर या फ्रेंच सायकलपटूनें असा एक ट्रेलर चक्क सायकलला जोडून ओढून दाखविला. त्या प्रसंगाचें छायाचित्र पुढें कंपनीचें बोधचिन्हच होऊन बसलें. जाहिरात म्हणून ती युक्ति अप्रतिम होती. परंतु तिच्यांत एक वेगळाच धडा दडलेला आहे. सपाट रस्त्यावर जें घर एक माणूस सायकलीनें ओढूं शकतो, तेंच घर घाटाच्या उतारावर त्याच सायकलीला आवरेल काय?

आपल्याकडील गाडीवानाला या प्रश्नाचें अर्धें उत्तर शास्त्र न शिकतांहि ठाऊक असतें. बैलगाडींत भार मागें पडला कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो. भार फार पुढें आला तर त्यांची मान सोलून निघते. म्हणून जाणता गाडीवान भार असा लावतो कीं जूं मानेवर नेमकें बसावें. ट्रेलरलाहि हाच न्याय लागू आहे. मागें जड झालेला ट्रेलर वेगांत शेपटासारखा डोलूं लागतो, आणि हा झोल वाढला म्हणजे तो पुढच्या मोटारीलाच रस्त्यावरून फरफटत नेतो. यासाठीं नियम असा ठरला कीं, भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा शेंकडा १० ते १५ भाग पुढच्या सांध्यावर पडला पाहिजे.

पण हा भार सोसावयाचा कोणीं? पिकअपच्या मागील चाकांच्याहि मागें असलेल्या लोखंडी गोळ्यावर सात-आठशें पौंड पडले कीं मागची बाजू बसते व तराजूच्या पारड्याप्रमाणें पुढची उचलली जाते. गाडी वळविण्याचें काम तर पुढल्या चाकांचेंच, आणि ब्रेकचाहि बराचसा जोर त्यांच्यावरच. यावर दोन उपाय निघाले. विमानविद्येंत कीर्ति मिळविलेल्या ग्लेन कर्टिस यानें १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या ‘एअरोकार’साठीं सांधा मोटारीच्या टोकाला न ठेवतां आंत घेतला, आणि धक्के सोसण्यासाठीं तेथें हवा भरलेलें चाक आडवें बसविलें. आज पिकअपच्या हौद्यांत, मागील चाकांच्या आंसाच्या जवळजवळ वरच जो ‘फिफ्थ व्हील’ सांधा बसवितात, तो त्याच विचाराचा आहे. दुसरा उपाय दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. त्यांत सांध्यापासून मागें जाणारे दोन पोलादी दांडे ताणून ट्रेलरच्या चौकटीस अडकवितात. ते तरफेप्रमाणें काम करून कांहीं भार मोटारीच्या पुढल्या चाकांवर व कांहीं ट्रेलरच्या चाकांवर परत नेतात.

तोल साधला तरी थांबण्याचा प्रश्न उरतोच. त्यासाठीं ट्रेलरच्या चाकांत विद्युच्चुंबकानें चालणारे ब्रेक आले. त्यांचें नियामक यंत्र चालकाच्या हाताशीं असतें. त्यानें ब्रेकवर पाय ठेवतांच ट्रेलर आपलें वजन आपण आवरूं लागतो. सांधा तुटलाच तर एक दोरी ताणली जाऊन कळ ओढली जाते, आणि ट्रेलरवरील बॅटरीच्या जोरावर ब्रेक आपोआप लागतात.

या सर्व साधनांची कठोर कसोटी १९५९ मध्यें लागली. त्या वर्षीं बायम यानें चाळीसएक ट्रेलरांचा तांडा केपटाउनहून कैरोकडे नेला. बरोबर शंभरावर माणसें होतीं, आणि ओढणाऱ्या गाड्यांत पिकअपहि होत्या. आडिस अबाबा येथें सम्राट हैले सेलासी यानें त्यांची भेट घेतली, आणि अखेर पिरॅमिडांच्या सान्निध्यांत हा रुपेरी तांडा विसावला. पण मधल्या चिखलाच्या व खडकाळ वाटांनीं गाड्यांचे हाल केले. अमेरिकेच्या गुळगुळीत हमरस्त्यांनीं जें झांकून ठेवलें होतें, तें आफ्रिकेच्या वाटांनीं उघडें केलें : दूरची यात्रा इंजिनाच्या आंकड्यावर पार पडत नाहीं, ती स्प्रिंगा, टायर, आंस आणि सांधा यांच्या टिकाऊपणावर पार पडते.

तरीहि बाजारांत बोलबाला बळाचाच राहिला. १९८९ च्या डॉज पिकअपमध्यें कमिन्सचें ५.९ लिटरचें डीझेल इंजिन आलें. त्याची शक्ति १६० घोड्यांचीच, पण पीळ ४०० फूट-पौंडांचा. त्यामुळें मोठा ट्रेलर घेऊन घाट चढणें सोपें झालें. परंतु पाय उचलतांच पेट्रोलचें इंजिन जसें गाडीला मागें रोखून धरतें, तसें डीझेलचें धरीत नाहीं. म्हणून धूर बाहेर टाकणाऱ्या नळींत झडप बसवून इंजिनालाच गाडी अडवावयास लावणारा ब्रेक लोकांना निराळा बसवून घ्यावा लागला. कारखाने तो मागाहून देऊं लागले. बळ आधीं आलें, आवर नंतर आला.

कोणती गाडी किती ओढील, हें पुष्कळ वर्षें ज्याचा तोच कारखाना ठरवी. २००८ मध्यें अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें ‘जे २८०७’ ही सामाईक कसोटी प्रसिद्ध केली, आणि टोयोटानें २०११ च्या गाड्यांना ती सर्वांच्या आधीं लावली. तिच्यांतील एक परीक्षा ॲरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळच्या ११.४ मैलांच्या चढाची आहे : उष्मा १०० अंश फॅरनहाइटच्या वर, गाडींतील थंडाव्याचें यंत्र पूर्ण चालू, मागें पुरा भार, आणि तरीहि साध्या पिकअपचा वेग ताशीं ४० मैलांखालीं उतरतां कामा नये. मात्र थांबणें व न डोलणें यांच्याहि परीक्षा तिच्यांत आहेत, हें विशेष होय.

एवढें होऊनहि खरेदी करणारा फसतो, तो साध्या बेरीज-वजाबाकींत. समजा, एका पिकअपची जाहिरात १०,००० पौंड ओढण्याची आहे आणि एका कुटुंबानें भरून ७,००० पौंड होणारा ट्रेलर पसंत केला. वरवर पाहतां ३,००० पौंडांची सवड आहे. पण चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर एक लहानशी चिठ्ठी असते. माणसें व सामान मिळून गाडीनें अंगावर किती वजन घ्यावें, तें तिच्यावर लिहिलेलें असतें. तो आंकडा १,५०० आहे असें धरूं. शेंकडा १३ प्रमाणें ट्रेलरचे ९१० पौंड सांध्यावर येतात. सांध्याच्या साहित्याचे ९० धरले म्हणजे ५०० उरले. चौघांचें कुटुंब त्यांतच संपतें. हौद्यावरचें झांकण, हत्यारांची पेटी, सरपण, सायकली यांना जागाच राहिली नाहीं!

यासाठीं जाणता माणूस आधीं ट्रेलर ठरवितो, तो भरल्यावर किती होईल हें पाहतो, आणि मग त्याला साजेलसा पिकअप शोधतो. पुढल्या व मागल्या चाकांमधील अंतर लांब असावें; ट्रेलरच्या भिंतीपलीकडचें दिसेल असे रुंद आरसे असावे; टायर भाराच्या मानानें असावे; गियरपेटीचें तेल थंड राखण्याची सोय असावी; आणि ट्रेलरच्या ब्रेकचें नियामक यंत्र तर असलेंच पाहिजे. यांपैकीं एकहि गोष्ट जाहिरातीच्या मथळ्यांत सहसा येत नाहीं. ज्या गाडींत आपलीं मुलेंबाळें बसावयाचीं, ती किती ओढते हें दुकानदार न विचारतां सांगेल. ती किती आवरते, हें मात्र घरच्या कर्त्या माणसानेंच विचारावयाचें असतें.