मामल्याचा प्लेग आणि परळचा बंगला

मी बीडचा. बाहेर कुणाला ‘मामला’ म्हटलं की कोर्टाचा मामला वाटतो. आमच्याकडे ते गाव आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे उंदीर मरून पडायला लागले, घरोघरी पिसवा झाल्या आणि मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी यायला लागल्या. प्लेग! सुरतेची बातमी त्यानंतरची. लातूरच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी जन्मलोही नव्हतो, पण आई अजून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणि फवारणीचा वास सांगते.

नोकरीसाठी मुंबईला आलो आणि परळला हाफकिन इन्स्टिट्यूटची इमारत पाहिली. प्लेगची लस जिथे मोठ्या प्रमाणावर तयार झाली, ती हीच जागा. पण ही लॅब म्हणून बांधलेली नाहीच! पोर्तुगीज काळात इथे पाद्र्यांचा मठ आणि चर्च होतं. पुढे ते इंग्रजांकडे गेलं आणि गव्हर्नरचा बंगला झालं. चर्चच्या कमानदार छताखाली साहेबांचा जेवणाचा हॉल, त्याच्यावर नाचाचा हॉल. देवाच्या डोक्यावर बॉलडान्स, म्हणा ना.

१८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच कॉलऱ्याने गेल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार हिल गाठलं. बंगला ओस पडला, मग प्लेगच्या साथीत त्याचं हॉस्पिटल झालं.

इकडे वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये मुंबईत आला तेव्हा त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. बस! १० जानेवारी १८९७ ला त्याने लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. मागणी वाढत गेली आणि त्याचं बिऱ्हाड जागा बदलत राहिलं. १० ऑगस्ट १८९९ ला या बंगल्यात प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली.

आता लस कशी बनायची ते ऐका, मला हा भाग फार आवडतो. बकऱ्याच्या मांसाचं पाणी, कारण गोमांस-डुकराचं चाललं नसतं. त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. हो, आपलंच तूप! जंतू त्या थेंबांना धरून खाली वाढत जायचे, गुहेच्या छताला चुनखडी लोंबते तसे. फ्लास्क हलवला की ते तुटून तळाशी, मग वर पुन्हा नवी वाढ. असं कित्येक आठवडे. शेवटी उष्णता देऊन जंतू मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचं.

म्हणजे हवं काय? शेकडो फ्लास्क न हलता ठेवता येतील इतकी ऐसपैस जागा. व्हरांड्यात ते होणार कसं? मेजवान्यांसाठी बांधलेले हॉल मला इथेच कामाचे वाटतात. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्याच सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर. इथून लाखो डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिनचं नाव मिळालं, तो हयात असतानाच.

आणि हो, त्याची पहिली लस प्लेगची नव्हती. कॉलऱ्याची होती, १८९२ ची. ज्या घरात कॉलऱ्याने गव्हर्नरची बायको गेली, त्याच घरात सतरा वर्षांनी हा माणूस लॅब थाटून बसला.

मामल्याला ही लस लागली नाही, तिथे अँटिबायोटिकने काम केलं. आईला बंगल्याचे फोटो दाखवले. ती म्हणाली, “एवढ्या मोठ्या घरात पण उंदीर असतीलच की रे.”

पुढच्या भागात आपल्या बीडची खजाना विहीर. भेटू!