उद्याने व धर्मादाय निधी

उद्याने व धर्मादाय निधी : सार्वजनिक उद्यानाच्या देखभालीसाठी जमीन, रक्कम वा अन्य मिळकत कायमची राखून ठेवून केवळ तिच्या उत्पन्नातून खर्च भागविण्याची व्यवस्था. उद्यान उभारण्याचा खर्च एकदाच येतो. पाणी, माळी, कुंपण व पुनर्लागवड यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो. म्हणून दात्याच्या पश्चात उद्यान टिकणे हे मूळ देणगीपेक्षा या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते.

धर्मशास्त्रात विहिरी, तलाव, देवालये, अन्नदान व आराम (उपवन) यांची गणना ‘पूर्त’ कर्मांत केलेली आहे. उत्सर्गविधीने अशी वास्तू सर्वांसाठी सोडली जाते व दात्याची मालकी संपते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणि या ग्रंथात दानधर्माचे विस्तृत विवेचन केले. परभणी तालुक्यातील पिंगळी येथे पिंगळेश्वर मंदिराजवळ असलेली जुनी बारव याच परंपरेची आठवण देते. कमी पावसाच्या मराठवाड्यात देवालय, पाणी व झाडी ही परस्परांच्या आधारानेच टिकत.

महाराष्ट्रातील कायम निधीचे प्राचीन पुरावे कोरीव लेखांत आढळतात. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचा आणि आराम, तलाव व विहिरी केल्याचा उल्लेख नासिकच्या लेण्यांत आहे. त्याने भिक्षूंसाठी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणे ठेवली : २,००० दरमहा एक टक्का व १,००० दरमहा पाऊण टक्का व्याजाने. मुद्दल परत द्यावयाचे नसून केवळ व्याज वापरावयाचे होते. अशा ठेवीस ‘अक्षयनीवी’ म्हणत. जुन्नर येथील एका लेखात करंजाच्या झाडांसाठी वीस व वडांसाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. म्हणजे वृक्षांसाठीही स्वतंत्र तरतूद केली जात होती.

ठरीव व्याजाच्या ठेवीची क्रयशक्ती भाववाढीने घटते. जमिनीचे उत्पन्न काळाबरोबर वाढू शकते, पण तिच्यावर अतिक्रमणाचा व विक्रीचा धोका असतो. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी करविलेल्या तळ्यातील बेटावर बाग होती. पुढे तेथे गणपतीचे मंदिर झाले. आज मंदिर देवदेवेश्वर संस्थानाकडे, तर सभोवतीचे सारसबाग उद्यान महानगरपालिकेकडे आहे. देवस्थानाचा आधार त्याच्या स्वतःच्या मिळकतीत, तर उद्यानाचा आधार वार्षिक अंदाजपत्रकात, अशी ही विभागणी आहे.

हैदराबादच्या १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्यातून धर्मादाय व धार्मिक संस्थांची इनामे वगळण्यात आली. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यानंतर तो तेथेही लागू झाला. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. लोकहितार्थ असलेल्या मनोरंजनाच्या सोयी त्यात धर्मादाय हेतूंत मोडतात. कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. त्यामुळे उद्यानासाठी निधी स्थापण्यास कायद्याची आडकाठी नाही.

इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या नगरात १९९२ मध्ये उद्यानांसाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन झाली. तिला हरित भूमीबरोबर भाड्याचे उत्पन्न देणाऱ्या व्यापारी इमारतीही देण्यात आल्या. त्या उत्पन्नावर उद्यानांची निगा राखली जाते. रचना आधुनिक असली, तरी तिचे तत्त्व अक्षयनीवीचेच आहे. मुद्दलास हात न लावणे, उत्पन्न भाववाढीबरोबर वाढते ठेवणे व हिशेब लोकांपुढे खुला ठेवणे, या तीन अटी पाळल्या तरच उद्यान दात्याच्या पिढीनंतरही सावली देऊ शकते.